बिनविस्तवाचं घर

मांडवीला काकींच्या गच्चीलगतच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्याने राहिले, आणि त्या सहा वर्षांत सकाळचा पहिला चहा मला दहाच्या आत क्वचितच मिळाला. मी कराडकडची. आमच्याकडे माणूस डोळे उघडायच्या आधी चहा मागतो. रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, आणि सामान घेऊन मी त्या घराच्या पायरीवर पोचले तेव्हा उजाडून फार वेळ झाला नव्हता. घाटातल्या वळणांनी अंग आंबून गेलं होतं. मी लाज सोडून विचारलं, "काकी, घोटभर चहा मिळेल?"

काकींनी दारातूनच आभाळाकडे बघितलं.

"मिळेल की. ऊन येव दे."

मला वाटलं, इकडे थट्टा करायची अशी रीत असेल. थट्टा नव्हती. माडांच्या वर ऊन आलं, सावकाश गच्चीवर उतरलं, तिथे ठेवलेल्या काळ्या पेटीच्या काचेत शिरलं, आणि मी दोनदा डुलकी काढून उठल्यावर कपात चहा आला. तो चांगला होता हे कबूल करायला मला पुढे बरेच महिने लागले.

खोली देताना त्यांनी माझी काहीच चौकशी केली नाही. मी काय खाते, कधी येते, कोण भेटायला येणार, लग्न का केलं नाही, यातलं काही नाही. अट एकच. "घरात विस्तव चालनार नाय. गॅस नाय, स्टो नाय, मेणबत्ती नाय. उदबत्ती पन नाय हां."

उदबत्ती म्हटल्यावर मी चमकले, पण भाडं परवडत होतं आणि खिडकीतून समुद्र दिसत होता, म्हणून हो म्हणून टाकलं.

ती पेटी म्हणजे सोलर कुकर, कुठल्याशा योजनेतून फार पूर्वी मिळालेला. आतून काळा रंग, वर काच, झाकणाला आरसा. काकींचा सगळा दिवस त्या पेटीच्या तोंडाप्रमाणे चालायचा. ऊन सरकलं की त्या जिना चढून पेटी वळवून यायच्या. त्यात भात व्हायचा, डाळ व्हायची, बांगड्याचं कालवणही व्हायचं, आणि अगदी खरं सांगायचं तर छानच व्हायचं. पण तळण नाही. मांडवीत राहून तळलेला मासा नाही, म्हणजे काय ते खाणाऱ्यालाच कळेल. मला फार आठवण आली की मी शेजारी त्यांच्या धाकट्या जावेकडे जाऊन खाऊन यायची. या धाकट्या काकी तव्यावर सुरमई टाकताना मुद्दाम खिडकी उघडी ठेवत आणि म्हणत, "वास तरी जाव दे बिचारीच्या घरात."

देवघरात समई नव्हती. देवांपुढे एक छोटासा दिवा होता, गच्चीवरच्या पॅनेलवर चालणारा, बटण दाबलं की लागायचा. दिवाळीत सगळी आळी पणत्यांनी उजळायची आणि काकींच्या उंबरठ्याबाहेर तसलेच दोन पांढरे दिवे. गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जाणं कधीच सोडलं होतं. काकींनी बोलावणंही सोडलं होतं. त्यांना याचं वाईट वाटत असेल असं मला पुष्कळ दिवस वाटायचं, पण विचारायचा धीर झाला नाही.

मी काही इतक्या सहज हार मानणारी नव्हे. दुसऱ्याच महिन्यात विजेची किटली आणली. काकी ती हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाल्या, "ही कशावर चालते?"

"विजेवर."

"आनि वीज कशावर?"

शिकवायची सवय. मी कोळसा, वाफ, जनित्र असं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे आगच. लांब नेऊन ठेवलेली." एवढं बोलून किटली परत माझ्या हातात दिली. वापरू नकोस असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वापरलीही काही दिवस. पण खालून कोणी काही न बोलता आपल्या किटलीचा आवाज ऐकतंय हे कळत असताना चहा गोड लागत नाही. पुढे मी ती कपाटावर टाकली आणि दहाच्या चहाची वाट बघायला शिकले.

आणि त्या काही आडमुठ्या नव्हत्या. पावसाच्या महिन्यांत कोकणात ऊन कुठून आणणार? तेव्हा त्यांची विजेची शेगडी निघायची. तिच्यावर आमटी शिजत असताना त्या पाठ करून बसायच्या. "पोट थांबत नाय," म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

त्यांचे दीर, म्हणजे धाकट्या काकींचे यजमान, डिझेलवरची मच्छीमारी बोट चालवायचे. वहिनींची खोडी काढल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. एकदा अंगणात जाळं विणत बसले असताना म्हणाले, "वहिनी, माझी बोट चालवून दाखवा की उनावर."

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मामंजींची होडी शिडावर चालायची. त्येंना कदी डिझेल लागला नाय, आनि मासळी तुमच्यापेक्षा जास्त आनायचे."

दीर बराच वेळ नुसतेच हसत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा मासळी पन होती, वहिनी."

आळीत काकींबद्दल दोन मतं होती. एक, बाई कंजूष आहे. दोन, नवरा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झाला. माझं तिसरं मत होतं. मी वर्गात खनिज इंधनं शिकवायची, त्यांच्या धुराबद्दल सांगायची, आणि घरी येऊन बघायची तर एक बाई कोणी न सांगता त्यातलं निम्मं आचरणात आणतेय. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटायचं. म्हणून आमच्या विज्ञान मंडळाने अपारंपरिक ऊर्जेवर कार्यक्रम ठरवला तेव्हा सत्कारासाठी मीच काकींचं नाव सुचवलं.

काकी इस्त्रीची साडी नेसून आल्या. इस्त्री अर्थात गादीखाली घडी ठेवून केलेली. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, तेलाच्या विहिरी, कोळशाच्या खाणी, काळं झालेलं आभाळ, मग पवनचक्क्या आणि सौर पॅनेलं. काकी सगळं लक्षपूर्वक बघत होत्या. तेलाच्या जहाजाचं चित्र आलं तेव्हा त्यांनी नजर खाली घेतली. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने त्यांना पर्यावरणाच्या पाईक वगैरे म्हणून झालं, शाल-श्रीफळ झालं, आणि दोन शब्द बोलण्याची विनंती झाली.

काकी उठल्या. माइकपासून जरा लांबच उभ्या राहिल्या.

"मला पर्यावरणाचा काय म्हाईत नाय. माझा घोव तेलाच्या जहाजावर इंजिनात कामाला व्हता. थय आग लागली. त्यात तो गेला. म्हनून मी घरात आग ठेवत नाय. बाकी काय नाय."

आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कोणालाच कळेना. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली, हुशार पण जिभेला लगाम नसलेली. म्हणाली, "पण काकी, सूर्य म्हणजेसुद्धा आगच ना?"

आमच्या प्राचार्यांनी तिला डोळ्यांनी बस म्हणून खुणावलं. काकींनी मात्र त्या प्रश्नाचा नीट विचार केला. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आसंल. पन त्या आगीत तेल घालायला कुनाच्या घोवाला खाली उतरावं लागत नाय."

वक्त्यांची अजून बरीच चित्रं बाकी होती. ती त्यांनी दाखवली नाहीत.

 घरी येताना रिक्षात काकींनी शाल घडी करून मांडीवर ठेवली होती आणि त्या नारळ हलवून पाणी आहे का बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी धाकट्या काकींकडे गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी तवा खाली उतरवला, गॅस बंद केला आणि मग सांगितलं.

काकींचे यजमान जहाजावरून सुट्टीवर आले की पडवीत उघड्या लादीवर पालथे पडून राहायचे. इंजिनाच्या खोलीतली धग अंगातून जात नाही म्हणायचे. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत. तेव्हा घरात चूल होती. गरम जेवण आलं तरी निवू द्यायचे, मग जेवायचे. शेवटच्या सुट्टीत निघायच्या आदल्या दिवशी बायकोला म्हणाले, एक दिस तरी घरात विस्तव नको लावूस गो.

"आनि ती हसली," धाकट्या काकी म्हणाल्या. "मी थयच व्हते ना. हसून म्हनाली, मग खानार काय, वारा? आनि लावली चूल. दुसरी कुनी आसती तरी लावली आसती. मी पन लावली आसती. घोव जहाजावर जायाचा, त्येला गरम जेवान नको?"

तिकडे आग लागली. देह आला नाही. आली ती त्यांची बॅग. मग मोठ्या माणसांनी ठरवलं की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, रीतीप्रमाणे. पुतळा तयार झाला. काकींनी तो उचलून पोटाशी धरला आणि कोणाच्या हातात देईनात. एकदा जळले तेवढे पुरे, एवढंच म्हणत राहिल्या. पुतळा समुद्रात सोडला. त्या दिवसापासून त्या घरात काडी पेटली नाही.

हे ऐकल्यावर काकींकडे बघायची माझी नजर बदलली, आणि त्याचबरोबर वर्षातल्या त्या एका दिवसाचा अर्थही कळला. भाद्रपदात, पितृपक्षात, यजमानांच्या तिथीला त्या पान ठेवायच्या. इतर वेळी शेगडी चालायची, या दिवशी नाही. पानावरचं सगळं पेटीत, उन्हावर शिजलेलं हवं. ज्या माणसाने एक दिवस बिनविस्तवाचं जेवण मागितलं, त्याला ते वर्षातून एकदा वाढायचं, एवढीच त्यांची मागणी होती. आणि रत्नागिरीत भाद्रपदातलं ऊन म्हणजे सगळा नशिबाचा भाग. वडे नाहीत, कारण तळण नाही. वड्यांशिवाय कसलं पान म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. भात, काळ्या वाटाण्यांची आमटी, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. ते केळीच्या पानावर वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. तो शिवेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही, आणि दोन्ही घरांचं जेवण त्या दिवशी एकच.

कावळ्यांशी काकींचं नातं मजेशीर होतं. मे महिन्यात त्या गच्चीवर आंब्याची साठं घालायच्या. ताटाला तुपाचा हात लावून त्यावर रस ओतायचा, तो उन्हात वाळला की त्यावर दुसरा थर, असं करत जाड पोळी होईपर्यंत. कावळे त्यावर टपलेले असायचे आणि काकी काळी छत्री डोक्यावर घेऊन, हातात काठी घेऊन दिवसभर त्यांना हाकलत बसायच्या. शिव्याही घालायच्या, चांगल्या ठसठशीत. मी म्हटलं, "काकी, मे महिन्यात काठी आणि भाद्रपदात हात जोडायचे?" तर म्हणाल्या, "त्येला पन ठाव हाय. तो मनावर घेत नाय."

एका वर्षी तिथीच्या दिवशी पाऊस हटेना. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले. पेटी गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला, काचेवर पाण्याचे ओघळ. मधूनच पाच-दहा मिनिटं उघडीप व्हायची, काकी धावत जाऊन पेटी पुढे ओढायच्या, पुन्हा सर आली की मागे. दीर खाली खुर्चीत बसून होते. त्यांना साखरेचा आजार, सकाळची गोळी घेतलेली, पोटात काही नाही. कपाळावर घाम आला होता. पण त्यांनी जेवण मागितलं नाही.

एक मोठी सर धरून बसली तेव्हा काकी खाली जाऊन पानाची तयारी करत बसल्या; तेवढ्या वेळात धाकट्या काकींनी पेटीतली भांडी पदराआड घरी नेली, गॅसवर सगळं शिजवलं आणि परत आणून ठेवलं. हे आम्हाला मागाहून कळलं. मला एवढंच दिसलं की काकींनी येऊन पेटीचं झाकण उघडलं, भाताच्या भांड्यावरची झाकणी काढली आणि वाकल्या तशाच थांबल्या.

मलाही वास आला. भात तळाला लागला होता.

"पेटीतला भात करपत नाय," काकी म्हणाल्या. आवाज चढला नाही.

धाकट्या काकी रडायलाच लागल्या. "काय करू मी? ते सकाळपासून उपाशी हायत. त्येंची साखर उतरली तर? बघ जा खाली त्येंचा तोंड."

काकींनी भांडं बाहेर काढून जावेच्या हातात दिलं. "त्येंना वाढ जा. आत्ता वाढ. जिवंत मानसाला विस्तव चालतो."

"आनि पान?"

काकी खाली गेल्या. मला वाटलं, आता या माणसाचं पान यंदा राहिलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. पण त्या परत आल्या तेव्हा हातात साठाचा डबा होता. रिकाम्या पानावर त्यांनी साठाचा एक मोठा तुकडा ठेवला, कठड्यावर नेला, आणि पावसात भिजत उभ्या राहिल्या.

"ह्ये पन उनानंच झालाय," त्या म्हणाल्या. मला नाही, पानाकडे बघून.

मे महिन्यातलं ऊन त्यात होतंच की. ते त्यांनीच काठी घेऊन राखलं होतं. जरा वेळाने एक भिजलेला कावळा आला, मान वाकडी करून त्याने पानाकडे बघितलं आणि तुकडा उचलून नेला. काकी पायरीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून खूप वेळ रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. पाठीवरून हात फिरवावा असं वाटत होतं, तो फिरवला. त्या वर्षापासून दर मे महिन्यात एक साठ पानासाठी म्हणून वेगळं ठेवलं जाऊ लागलं.

जावेवर त्यांनी राग धरला नाही. पण धाकट्या काकींच्या मनातून ते गेलं नाही. त्या कधीतरी भांडी घासता घासता मध्येच म्हणायच्या, "फसवलंच ना गो मी तिला."

मग वादळ झालं, तारा तुटल्या, सगळी आळी अंधारात. काकींच्या घरात मात्र दिवा होता. लोक मोबाइल घेऊन रांगेने यायचे आणि काकी पडवीत बसून सगळ्यांचे चार्ज करून द्यायच्या. बिडी ओढणाऱ्याला पायरीच्या खाली उभं करायच्या. ज्यांनी कंजूष म्हटलं होतं तेही आले. पुढे हळूहळू मांडवीतल्या बऱ्याच घरांवर पॅनेलं चढली. बिल वाचतं म्हणून लोक बसवतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. दिरांनीही बसवलं. काकी गच्चीवरून सगळीकडे नजर टाकून म्हणाल्या, "बरा झाला."

मी नंतर कराडला परत आले. फोन व्हायचे. एका माघात धाकट्या काकींचा फोन आला. काकी झोपेतच गेल्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी कळवलं होतं.  मग त्या म्हणाल्या, "जन्मभर विस्तव टाळला तिनं. आनि शेवटी आमी तिला त्यातच घातली, बाय. दुसरा काय करनार व्हतो?"

 रसायनशास्त्र शिकवून या प्रश्नाचं उत्तर येत नाही. मला त्या रात्री त्यांची फार आठवण आली.

वर्ष उलटल्यावर पितृपक्षात त्यांचा पुन्हा फोन आला. "येशील? दोगांची पानं एकाच दिवशी ठेवतोय. तिला तू आवडायचीस."

मी गेले. तोच घाट, तीच सकाळ, अंग तसंच आंबलेलं. आभाळ भरून आलं होतं. धाकट्या काकींचं दार उघडं होतं आणि स्वयंपाकघर थंडगार पडलं होतं. गॅसची शेगडी पुसून ठेवलेली, वर पाट पालथा घातलेला. दीर खुर्चीत बसून, साखर उतरू नये म्हणून, केळं खात होते. मी सवयीने म्हटलं, "काकी, घोटभर चहा?"

धाकट्या काकींनी दारातून आभाळाकडे बघितलं. "ऊन येव दे."

थोरल्या जावेची पेटी त्यांनी आपल्या गच्चीवर आणली होती. दिवसभर त्या जिना चढत-उतरत होत्या, गुडघे धरून. ऊन आलं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. दुपार कलली तेव्हा त्यांनी दोन पानं मांडली आणि डबा उघडला. साठ त्यांनी स्वतः घातलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पापुद्र्यासारखं, मधे फाटलेलं. त्याचे दोन तुकडे केले, पानांवर ठेवले, पेटीतला भात झाला होता तेवढा वाढला, आणि पानं कठड्यावर नेली.

कावळे माडावर होते, पण खाली येईनात. एक कठड्यापर्यंत आला. काकींच्या यजमानांच्या पानावरचा तुकडा घेऊन उडाला. थोरल्या जावेच्या पानाकडे त्याने बघितलंही नाही. आम्ही थांबलो. दीर खालून दोनदा हाक मारून गेले. असं झालं की मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू असं कोणीतरी कबूल करायचं असतं. धाकट्या काकी पानापुढे गेल्या आणि हात जोडले.

"गॅस लावलेला नाय गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळपासना घरात काडी पेटवलेली नाय. ह्या बाईला इचार. चहा पन दिला नाय तिला. ह्या टायमाला फसवलेला नाय."

त्या मागे सरकल्या. कावळा आला आणि पानावर बसला.

मग आम्ही जेवायला बसलो. भात मधोमध कच्चाच होता, दाताखाली कचकच येत होती. दिरांनी एक घास घेऊन बायकोकडे बघितलं आणि दुसरा घेतला. धाकट्या काकींनी मला पुन्हा भात वाढला. मी तो सगळा खाल्ला.